केसपेपरवर घराचाही एक रकाना असू द्या

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव आणि जिल्हा परिषद, धुळे

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण आमचं घर दोन जिल्ह्यांत वाटलेलं आहे. मी धुळ्यात एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. राहायला देवपुरात भाड्याचा फ्लॅट. सासर पारोळा तालुक्यात, म्हणजे जळगाव जिल्ह्यात. मधे पस्तीसेक किलोमीटरचा हायवे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही गावाकडे, सोमवारी पहाटे परत. माझ्या मुलाच्या कातडीनं दोन्ही जिल्ह्यांची हवा खाल्ली आहे. तुमच्यापैकी एकालाच पत्र टाकलं असतं, तर 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर आलं असतं. सरकारी उत्तरं मला वाचता येतात.

गोष्ट सुरू होते 2023 च्या फेब्रुवारीत. आदल्या वर्षी कापसाला क्विंटलमागे 10,000 रुपयांच्या वर भाव मिळाला होता आणि तो आकडा गावात सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. त्या वर्षी भाव 8,000 च्या आसपास घुटमळत होता. लांब धाग्याचा हमीभाव 6,380 रुपये, त्याबद्दल तर कुणी बोलतही नव्हतं. खेडा खरेदीवाले दारात यायचे, माझे सासरे त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. कापूस पुढच्या खोलीत, धाब्याच्या छताला टेकेल इतका. उरलेल्या जागेत खाटा, आणि खाटांवर आम्ही.

पोरांची चंगळ होती. खिडकीच्या कोनाड्यात चढायचं, ढिगावर धाडकन उडी मारायची, गळ्यापर्यंत आत बुडायचं. माझा मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा. रात्री त्याला त्या ढिगातच झोपायचं असे, आणि आम्ही झोपू द्यायचो. न शिवलेली गादीच ती.

एका सोमवारी धुळ्यात त्याला आंघोळ घालताना पाहिलं, तर पोटावर, पाठीवर, मानेखाली लाल पुळ्या. काहींच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा फोड. माझ्या दंडावरही तेच. गावाकडे फोन केला तर सासूबाई, दीर, जाऊ, सगळेच खाजवत होते. त्या हंगामात कापूस घरात ठेवलेल्या कितीतरी घरांतून अशाच तक्रारी आल्या, वर्तमानपत्रांतही छापून आल्या, म्हणजे आमचं काही जगावेगळं नव्हतं. एका डॉक्टरांनी बघताक्षणी खरूज म्हटलं. घरातल्या सगळ्यांनी गळ्यापासून पायापर्यंत लोशन लावलं, चादरी उकळल्या. धुळ्यात आम्ही आठवड्याभरात बरे व्हायचो आणि रविवारी गावाकडे पुन्हा लाल व्हायचो.

मुलाचं मात्र वेगळं होतं. पोटावरच्या पुळ्या जायच्या, पण कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे जे होतं ते जायचं नाही. तिथली कातडी जाड, खरखरीत, काळपट झाली होती, वहाणेच्या तळव्यासारखी. ते आजचं नव्हतंच. तो चार महिन्यांचा असल्यापासून आधी गालांवर, मग हातापायांवर ते येत-जात होतं. त्यावर आम्ही काय काय लावलं याची यादी दिली तर पत्र संपायचं नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली, तीन औषधं एकत्र असलेली ट्यूबही त्यात होती. ती लावली की तीन दिवसांत कातडी गुळगुळीत व्हायची आणि थांबवली की दुपटीनं उलटायची. 2018 साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम कडक केला, हे मला फार नंतर कळलं. आमच्या मेडिकलवाल्याला बहुधा अजून कळायचं आहे.

शेवटी धुळ्यात त्वचारोगाच्या ओपीडीत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी मुलाचे कोपर बघितले, गाल बघितले, आणि मला एक प्रश्न विचारला, जो चार वर्षांत कुणीच विचारला नव्हता.

"घरात काय काय जळतं?"

मी म्हटलं, काही नाही, गॅस आहे.

"गावाकडे?"

मग मोजायला लागले. सकाळी पाणी तापवायला कापसाच्या पऱ्हाट्या. भाकरी चुलीवर, खाली गोवऱ्या. संध्याकाळी देवापुढे अगरबत्ती, धूप, कापूर. रात्री डासांची कॉइल. सासऱ्यांची बिडी. आणि धुळ्याच्या फ्लॅटमध्ये? तिथेही कॉइल, तीही खिडक्या लावून, कारण हायवेची धूळ येते. मोजता मोजता माझ्या दोन्ही हातांची बोटं संपत आली. बाईंनी केसपेपरच्या कोपऱ्यात, जिथे छापील काहीच नव्हतं, तिथे पेनानं बारीक अक्षरात लिहिलं: चूल, कॉइल, बिडी, घरात कापूस. छापील केसपेपरवर नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाइल, सगळ्याला जागा होती. घराला नव्हती.

हे पत्र त्या कोपऱ्याबद्दल आहे.

आता थोडी शिकवणी करते, सवयीनं. कापसातल्या पुळ्या आणि कोपरातलं ते जुनं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आम्ही त्यांची खिचडी केली होती. पुळ्यांबद्दल बाईंचा कयास असा की गुलाबी बोंडअळी सरकीत बसून कापसाबरोबर घरात येते आणि तिच्यावर जगणारा, कोळ्याच्या कुळातला, डोळ्याला न दिसणारा एक किडा तिच्यामागून येतो. अळ्या संपल्या, किडा भुकेला झाला की ढिगावर लोळणाऱ्या माणसाला चावतो. तो माणसाच्या अंगावर राहत नाही, वाढत नाही. म्हणूनच आम्ही धुळ्यात बरे व्हायचो. त्यावर खरजेचं लोशन लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. औषध एकच: ढिगापासून लांब राहणं.

कोपरातलं दुखणं म्हणजे इसब. गावात त्याला सर्रास गजकर्ण म्हणतात आणि गजकर्णाचं मलम लावतात. गजकर्ण बुरशीचं, एकाचं दुसऱ्याला लागणारं. इसब कुणाचं कुणाला लागत नाही, हे मला मुलाच्या बालवाडीतल्या बाईंना तीनदा सांगावं लागलं, कारण त्याला वेगळ्या सतरंजीवर बसवायला सुरुवात झाली होती.

इसब कसं होतं हे आमच्या धाब्याच्या घरातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा लवकर कळेल. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकून चोपतात. माती नीट बसली की पाणी आत येत नाही. भेगा पडल्या की घर गळतं. कातडीचंही तसंच. ज्या प्रथिनामुळे कातडीचा वरचा थर घट्ट बसतो, ते बनवणाऱ्या जनुकात जन्मतः खोट असू शकते, हे 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. अशा मुलाची कातडी भेगाळलेल्या धाब्यासारखी असते: आतली ओल उडून जाते आणि बाहेरचं काहीबाही आत शिरतं. म्हणजे दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा घराण्यातून होते. माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, मला धुळीनं सटासट शिंका येतात. आम्ही दोघांनी मुलाला वारशात काय दिलं हे उघड आहे.

पण धाबं भेगाळलं तरी पाऊस किती पडतो याला महत्त्व उरतंच. घरातली हवा म्हणजे तो पाऊस.

चुलीचा धूर फुप्फुसाला वाईट, डोळ्याला वाईट, हे आपल्याकडे सगळे मान्य करतात. 1980 च्या दशकात सरकारनं गावोगाव निर्धूर चुली वाटल्या त्या याचसाठी. कातडीचा विचार मात्र कुणी करत नाही, जणू धूर नाकातूनच आत जातो. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली उंदरांवर दाखवलं की धुरातली काही रसायनं कातडीतल्या पेशींवर नेमकी अशी कळ दाबतात की खाजेच्या नसा वरच्या थरात पसरतात आणि साध्या उबेनंसुद्धा खाज सुटते. उंदीर म्हणजे पोर नव्हे, मान्य. पण माणसांचंही एक उदाहरण आहे. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा वणवा लागला. त्याचा धूर पावणेतीनशे किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोत पसरला, आणि त्या आठवड्यांत तिथल्या त्वचारोग विभागात इसबाच्या आणि खाजेच्या रुग्णांची गर्दी वाढली. 2021 साली तो अभ्यास छापून आला. आणि हा वणवा होता दूरवरचा. आमच्याकडे तो रोज सकाळी साडेपाचला पेटतो, पोराच्या अंथरुणापासून आठ फुटांवर.

किती धूर? चेन्नईच्या कल्पना बालकृष्णन यांच्या गटानं चार राज्यांतल्या चूलवाल्या घरांत चोवीस तास यंत्रं ठेवून मोजलं, शेजारचा मध्य प्रदेश त्यात होता. 2013 साली छापलेले आकडे असे: स्वयंपाकाच्या जागी बारीक कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, सरासरी घनमीटरला 609 मायक्रोग्रॅम आणि बसायच्या-उठायच्या खोलीत 163. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा 60 आहे. जागतिक आरोग्य संघटना तर 15 म्हणते. बाहेरच्या हवेला हे आकडे लागले असते तर शाळांना सुट्टी दिली असती.

बाहेरच्या हवेवरून आठवलं. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगाव शहराचं नाव आहे. धुळ्याचं नाही. म्हणून धुळेकरांनी खूश व्हायचं कारण नाही, आणि जळगावकरांनीही यंत्रं बसली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती यंत्रं रस्त्यावरची हवा मोजतात. दोन वर्षांचं पोर रस्त्यावर किती असतं? त्याचे वीस-बावीस तास घरात जातात.

आता धुरीबद्दल. हे लिहिताना हात जड होतो, कारण ती माझ्या सासूबाईंच्या मायेची गोष्ट आहे. बाळंतपणाला मी गावीच होते. रोज बाळाची आंघोळ झाली की त्या गोवरीचा निखारा खापरात घ्यायच्या, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं, चिमूटभर धूप. दार लोटून घ्यायचं. बाळाला मांडीवर पालथं घालून वरून धडपा पांघरायचा. निळसर धूर धडप्याच्या कडेनं बाहेर येई. बाळ खोकलं की त्या खूश, 'कफ सुटना.' सव्वा महिना हे चाललं. मी एकदा चाचरत म्हटलं, एवढ्या लहान जिवाला धूर... तर त्या म्हणाल्या, "धूर काय आजना शे का?" उत्तर बरोबर होतं. धूर आजचा नाहीच. त्यांची पाच मुलं याच धुरीत वाढली, त्यातली चार निरोगी राहिली. पाचव्याला दमा झाला, त्याच्याशी माझं लग्न झालं.

मी मुलाच्या इसबाचं खापर धुरीच्या खापरावर फोडत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्या बाळाच्या घराण्यात दमा आहे, शिंका आहेत, त्याला पहिल्या चाळीस दिवसांत दार लावून धूर देऊ नये, एवढं म्हणायला फार पुरावा लागत नाही. ऊब हवी असेल तर दुपटं आहे, आईची कूस आहे.

बिडीचा मामला सगळ्यात स्पष्ट आहे. जगभरातले 80 हून अधिक अभ्यास एकत्र करून 2016 साली जो निष्कर्ष निघाला, त्यात घरातल्या दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुराचा आणि इसबाचा संबंध दिसला. सासऱ्यांना हे मी सांगितलं नाही, नातवानं सांगितलं. ते आता ओट्यावर जाऊन ओढतात. सुटली नाही, पण उंबऱ्याबाहेर गेली.

इथवर वाचून शहरातल्या वाचकाला वाटेल, हे खेड्यातलं रडगाणं. मग धुळ्याच्या फ्लॅटचं ऐका. डासांच्या कॉइलवर 2003 साली एक अभ्यास छापून आला, चीन आणि मलेशियातल्या कॉइली तपासून. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण सोडते, तेवढे 75 ते 137 सिगारेटी सोडतात. मी, जन्मात सिगारेटला हात न लावलेली बाई, रोज रात्री माझ्या मुलाच्या पलंगाखाली तेवढी थोटकं ठेवत होते. वर खिडक्या बंद.

आणि कूलर. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकला की आपल्याकडे कूलरशिवाय झोप नाही, त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. पण आमच्या कूलरचं गवत तीन उन्हाळे बदललं नव्हतं. ते काढलं तेव्हा मागची बाजू काळी, बुळबुळीत, आणि टाकीत तळाला शेवाळ. त्यातून निघालेला वारा आम्ही रात्रभर पोराच्या अंगावर सोडत होतो. इसबाला चाळवणारे धुळीतले सूक्ष्म किडे कोरड्या हवेत तग धरत नाहीत, त्यांना ओल लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या कोरड्या मुलखातही पाण्याचे कूलर असलेल्या घरांत त्यांचा माग सापडला आहे, तोही 1995 सालीच. खान्देशचा उन्हाळा कोरडा असल्याचा जो एकमेव फायदा पोराच्या कातडीला झाला असता, तो आम्ही टाकीत पाणी ओतून घालवत होतो.

आता माझ्या बाजूच्या कच्च्या दुव्यांविषयी. घरातलं जे जे आवडत नाही ते ते इसबाचं कारण म्हणून पुढे करायचा मोह होतो. मला आमच्या बोअरच्या जड पाण्याचाही दाट संशय होता. बादलीला पांढरा थर धरतो ते पाणी. इंग्लंडमध्ये 336 मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रं बसवून कसून तपासणी झाली, 2011 साली निकाल आला: इसबात काही फरक नाही. मी यंत्राची चौकशी करून ठेवली होती, ती सोडून दिली. धुळीतल्या किड्यांसाठी गाद्यांना खास खोळी घालण्याच्या उपायाचेही निकाल फारसे भरवशाचे नाहीत. म्हणजे हवा सुधारली की इसब पळालं, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे बहुधा विकायला काहीतरी आहे. इसबाचा मुख्य इलाज आजही डॉक्टरच्या देखरेखीखालचं मलम आणि दिवसातून दोन-तीनदा अंगभर तेलकट लेप हाच. हवा ही त्याच्या खालची जमीन.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. कापूस त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर, आणखी कमी भावानं, विकला गेला. पुढच्या हंगामात तो गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत गेला, ताडपत्रीखाली. चूल मागच्या अंगणात, पाणी तापवायला तिथेच. कॉइलऐवजी मच्छरदाणी. कूलरचं गवत दर उन्हाळ्याला नवं, पाणी आठवड्याला बदलतं. आणि डॉक्टर बाईंनी लिहून दिलेलं मलम, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. मुलगा आता रात्री सलग झोपतो. नखांना रक्त नसतं. डिसेंबरच्या थंडीत कोपर अजूनही उलतात. यातलं नेमकं काय लागू पडलं ते मी सांगू शकत नाही, कारण आम्ही सगळं एकदम बदललं. एका वेळी एकच घटक बदलायचा, हे मी आठवीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. स्वतःचं पोर रात्री दोनला रडत असताना ते कुणाला जमतं?

महोदय, तुमच्याकडे जे मागायचं आहे त्यात खर्चाचं फार काही नाही.

पहिलं तेच, कोपऱ्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या केसपेपरवर पाच वर्षांखालच्या मुलासाठी एक रकाना छापा. त्यात चार शब्द: चूल, कॉइल, विडी, कापूस. डॉक्टरनं खूण करायची. खोकला, दमा, इसब, डोळे येणं, कशासाठीही पोर आलं तरी. डॉक्टरला चौकशीला वेळ नाही, हे मला दिसतं; पाचशेची ओपीडी मी रांगेत उभी राहून मोजली आहे. म्हणूनच रकाना हवा. छापलेलं असलं की विचारलं जातं. वर्षाअखेरी त्या खुणा मोजल्या तर आपल्या दोन जिल्ह्यांत किती पोरं धुरात झोपतात हे कुणा चेन्नईच्या यंत्राशिवाय कळेल.

दुसरं आशाताईंचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात, पुढे पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. म्हणजे ज्या सव्वा महिन्यात धुरी चालते, त्याच सव्वा महिन्यात तुमचा माणूस पाच वेळा त्या घराच्या उंबऱ्यावर असतो. वजनकाटा, थर्मामीटर घेऊन येतो आणि खोलीत कोंडलेला धूर बघून परत जातो, कारण तो फॉर्ममध्ये नाही. एक ओळ वाढवा. आशाताई गावच्याच असतात, सासूबाईंशी कसं बोलायचं हे त्यांना तुमच्या माझ्यापेक्षा चांगलं जमतं. 'बंद करा' म्हणू नका, 'दार उघडं ठेवा, बाळाला बाहेर घ्या, खोलीला धुरी द्या आणि मग आत या' इतकं म्हटलं तरी सासूबाईंचा मान राहतो. आमच्याकडे जावेच्या बाळाला असंच केलं.

तिसरं, आरोग्य केंद्रात साधी पांढरी पेट्रोलियम जेली भरपूर ठेवा. इसबाच्या पोराला आठवड्याला पाव-अर्धा किलो लागू शकते. बाजारातल्या चिमुकल्या डब्यांत ते परवडत नाही, मग लोक तीन औषधांच्या ट्यूबकडे वळतात.

गॅसबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही, ती योजना तुमच्या हातातली नाही. पण हिशेब तुम्हाला ठाऊक असावा. उज्ज्वलाचं कनेक्शन 2016 पासून मिळालं, 2024 साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र घराला वर्षाला 3 सिलिंडर मोफत. सात माणसांच्या घरात सिलिंडर महिनाभर जातो. म्हणजे तीन महिने. उरलेले नऊ महिने शेताच्या बांधावर फुकट पडलेल्या पऱ्हाट्या. कृषी विभाग सांगतो की पऱ्हाट्या साठवू नका, त्यात बोंडअळीचे कोष राहतात. स्वयंपाकघर सांगतं की साठवा, पावसाळ्यात लागतील. पाठ्यपुस्तकात याला परस्परविरोधी सूचना म्हणतात. निदान ज्या शाळेत, अंगणवाडीत अजून लाकडावर शिजतं तिथली चूल तरी पोरांच्या खोलीपासून लांब न्या. ती तर तुमच्या अखत्यारीत आहे.

एक सवलत मात्र मागून ठेवते, नाहीतर खान्देशात मला कुणी उभं करणार नाही. भरीत पऱ्हाट्यांवरच भाजलं जाईल. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणायला तयार नाही. फक्त ते शेतात भाजा, थंडीत, मोकळ्या हवेत, जसं पूर्वीपासून भाजतात. भरीत पार्टी घराच्या मागच्या खोलीत करायची ही अवदसा अलीकडची आहे.

आणि कापूस. भाव ठरवणं तुमच्याकडे नाही, खरेदी केंद्र वेळेवर सुरू होणं तुमच्याकडे नाही. पण दिवाळीनंतर ग्रामपंचायतीमार्फत दवंडी पिटता येते, व्हॉट्सअॅपवर संदेश फिरवता येतो: कापूस घरात भरावाच लागला तर पोरं झोपतात त्या खोलीत भरू नका, ढिगावर ताडपत्री टाका, पोरांना त्यावर लोळू देऊ नका, आणि त्या खोलीत बिडी-कॉइल पेटवू नका. शेवटच्या वाक्यात खाजेच्या जोडीला आगीचाही बंदोबस्त होतो, म्हणून सरपंच ते मनावर घेतील. ज्या गावात समाजमंदिर किंवा वापरात नसलेली पत्र्याची शेड आहे, तिथे ती चार महिने भाड्यानं देता येईल का, हे ग्रामसेवकाला विचारा. आमच्या गावात तशी एक आहे. तिच्यात सध्या निवडणुकीचे जुने फलक आहेत.

कापूस घरात यायला ऑक्टोबर अखेरीस सुरुवात होते. केसपेपरची पुढची छपाई त्याच्या आधी असेल, तर रकान्याला दोन बोटं जागा पुरते.

आपली,
एक शिक्षिका आणि आई,
धुळे आणि पारोळा तालुका